पडद्याआडचे कुलकर्णी

गेल्या काही वर्षांत आपल्या या पत्रिकेत संगणकावर जे ललित आणि वैचारिक लेखन आले, ते एकत्र काढून आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. दिवाळी अंकांतील याच विषयावरच्या कथाही हाताशी घेतल्या. वाचून झाल्यावर ध्यानात आले की, लेखक वेगळे असले तरी साचा एकच आहे. यंत्र निष्ठुर, ते घडविणारा पुण्या-बेंगळुरूचा तरुण त्याहून निष्ठुर, आणि कचेरीतला कारकून, गावचा तलाठी, शाळेचा मास्तर हे मात्र काळजाचे. शेवटच्या पानावर सर्व्हर बंद पडतो आणि कपाटातले जुने रजिस्टर धावून येते. वाचकाला बरे वाटते. आम्हांलाही वाटले, हे कबूल केले पाहिजे. परंतु पस्तीस वर्षे राज्य सरकारची चाकरी, तीही बहुतांशी महसूल खात्यात, केलेल्या माणसाला हे चित्र तसेच पुढे जाऊ देता येत नाही. त्या रजिस्टरात काय असे आणि ते कोणाच्या हाती असे, हे आम्ही पाहिले आहे.

लिहिण्याचे निमित्त घरातच घडले. गणपतीच्या सणाला सदलग्यात सगळे जमले होते. आमचा पुतण्या पुण्यात हिंजवडीला प्रोग्रॅमर आहे, आणि त्याचे दाजी, म्हणजे आमच्या पुतणीचे यजमान, आपल्याच भागात गावचे महसुली काम पाहतात. पूर्वी ज्याला तलाठी म्हणत, पुढे ग्रामलेक्काधिकारी म्हणू लागले, आणि अलीकडे ज्याचे नाव पुन्हा बदलून ग्राम आडळित अधिकारी झाले, तेच पद. आरती झाली, जेवणे झाली आणि सोप्यात दोघांची जुंपली. "दाजी, तुमी लोकं नुसतं 'चालंना, चालंना' म्हंताय. काय केल्यावर चालंना, स्क्रीनवर काय आलतं, ते एक ओळ कुणी लिहून पाठवत न्हाई," असे पुतण्याचे म्हणणे. त्यावर दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुमी एकदा उसाच्या फडात हुबं राहून ते बटन दाबून दावा. मग मी ओळ काय, निबंध लिहून देतो." ऐकणारे हसले. आम्हांला हसू आले नाही, कारण हेच भांडण थोड्या वेगळ्या शब्दांत आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः भांडलो होतो, आणि त्यात आम्ही हरलो की जिंकलो हे आजही सांगता येत नाही.

कर्नाटकातील 'भूमी' योजना वाचकांना ठाऊक आहेच. 2000 सालच्या सुमारास राज्यातील जमिनीचे उतारे संगणकावर चढले. सुमारे 67 लाख खातेदारांचे दोन कोटींच्या घरात उतारे, 177 तालुक्यांत खिडक्या, आणि 15 रुपये भरले की छापील उतारा हाती. प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या बेंगळुरूच्या मंडळींनी रचली आणि महसूल खात्याच्या बाजूने राजीव चावला या अधिकाऱ्यांनी ती रेटून नेली. एकदा तालुका संगणकावर गेला की हाताने लिहिलेला उतारा कायद्याने रद्द. हा निर्णय कठोर होता आणि तोच कळीचा होता. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू ठेवल्या असत्या तर जुनीच जिंकली असती. त्याआधी 1990 नंतरच्या दशकात केंद्राच्या योजनेतून उतारे संगणकावर घालण्याचे प्रयत्न झालेच होते. ते फसले, कारण नोंदी एकदा भरल्या गेल्या तरी रोजचे फेरफार त्यांत चढविण्याची सोय नव्हती. छापून तयार होईपर्यंत उतारा शिळा होई.

'भूमी'तील एका नियमाची गोष्ट इथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण सगळ्या ताणाचे मूळ त्यात दिसते. फेरफाराचा अर्ज ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने निकालात निघाला पाहिजे, अशी रचना प्रोग्रॅममध्येच होती. मागच्याला पुढे घेता येत नाही. अधिकाऱ्याने बोटाचा ठसा दिल्याखेरीज पडदा उघडत नाही, म्हणून 'मी नव्हे' असेही म्हणता येत नाही. आमच्या सहकाऱ्यांत या नियमाविरुद्ध जेवढा संताप होता तेवढा दुसऱ्या कशाविरुद्ध नव्हता. कारण कोणी सांगत, कोणी सांगत नसे. पूर्वी कोणाचे काम आधी करायचे हे तलाठी ठरवी आणि त्या ठरविण्यालाच बाजारात किंमत होती. पण प्रामाणिकपणे हेही लिहिले पाहिजे की, त्याच ठरविण्यात कधी कधी दयाही असे. घरात माणूस दवाखान्यात आहे, सोसायटीचे कर्ज काढायचे आहे, वारसा नोंद झाल्याखेरीज मिळत नाही. अशा वेळी तलाठी रात्री बसून कागद पुढे सरकवी आणि चहासुद्धा घेत नसे. असे तलाठी आम्ही पाहिले आहेत. लाच घेण्याची आणि दया करण्याची जागा एकच होती. प्रोग्रॅमरने ती जागाच बुजविली. त्याला त्यातले एकच दिसत होते, आणि आमच्या लेखकांना दुसरेच दिसते.

आपल्या कथांतून जो प्रेमळ तलाठी वावरतो त्याचा पूर्वज कोण, हे आपण विसरतो. वतने गेली 1950 नंतर; तोवर मुंबई इलाख्यातल्या आपल्या या भागात गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. दप्तर मोडीत, तेही घाईच्या शिकस्त वळणाचे. कुलकर्ण्याखेरीज ते वाचणारा गावात दुसरा नाही. शेतकरी ओसरीच्या खाली हात जोडून उभा. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच दप्तरावर आणि ते सांभाळणाऱ्या कामगारांवर. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी पत्र्याच्या पेटीत अजून ते मोडी कागद आहेत. आपली घराणी या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या आहेत याचा पुरावा म्हणून आपण ते जपतो, पण त्यातली एक ओळ आपल्याला लागत नाही. त्या कागदांपुढे आज आपली जी अवस्था होते, तीच त्या काळी सगळ्या गावाची होती. लिपी ज्याच्या हाती, जमीन त्याच्या मुठीत. आज लिपी बदलली आणि ती आमच्या पुतण्याच्या हाती आहे. तो पडद्याआडचा कुलकर्णी आहे, एवढाच फरक. त्याची ओसरी हिंजवडीला आहे आणि तिथवर हात जोडून जाण्याचीही सोय नाही.

म्हणजे दोष प्रोग्रॅमरचाच, असे कोणी म्हणेल. थांबा.

'भूमी'च्या आधीच्या त्या दशकात, एका तालुक्यात, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, उतारे संगणकावर भरण्याचे काम निघाले होते. नोंदी भरण्याचा ठेका एका खाजगी मंडळाकडे. मुले शहरातली, बोटे चपळ, पण जमिनीचा कागद त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. आपल्या भागातले उतारे 1956 नंतर कानडीत गेले. परंतु मुंबई राज्यातले मराठी संक्षेप कानडी अक्षरांत तसेच राहिले होते. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही तीन अक्षरे नावामागे असली तर त्या माणसाची मालकी एकट्याची नाही. नसली तर ती एकट्याची आहे. एका खात्यावर चार अज्ञान मुलांची नावे होती आणि पालनकर्ती म्हणून आई. प्रोग्रॅममध्ये खातेदाराच्या नावाला एक चौकट आणि बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाला दुसरी. पालनकर्त्याला चौकटच नव्हती. भरणाऱ्या मुलाने आईचे नाव खातेदार म्हणून घातले आणि पुढे सरकला. काही वर्षांनी थोरल्याने आईचा अंगठा घेऊन जमीन विकली. धाकटी तिघे कोर्टात गेली. आम्ही बदलून गेलो तेव्हा दावा चालू होता.

त्या तक्रारीचा कागद आमच्या टेबलावर आला तेव्हा आम्ही प्रोग्रॅम करणाऱ्याला बोलावून घेतले आणि पुष्कळ बोललो. तो पंचविशीचा मुलगा. ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, रचना करण्याआधी मी तुमच्याकडे नमुन्याची दहा पाने मागितली होती. तुम्ही दिलीत. त्यात हा शब्द नव्हता." आम्ही ती दहा पाने काढून पाहिली. नव्हता. का नव्हता? कारण नमुन्यासाठी पाने निवडताना आम्ही दप्तरातील सर्वांत स्वच्छ, सर्वांत सुवाच्य, खाडाखोड नसलेली पाने निवडली होती. बाहेरच्या माणसापुढे आपले घर नीटनेटके दिसावे म्हणून. गुंतागुंतीची पाने, ज्यांत चार पिढ्यांचे वारस, बहिणींची हक्कसोडपत्रे, गहाण आणि कुळाच्या नोंदी एकमेकांवर चढलेल्या होत्या, ती आम्ही झाकून ठेवली. भरलेली यादी पुढे छापून तपासणीला आली. तलाठ्याने तपासली, त्याखाली आमची सही. पाचशे पाने एका दुपारी तपासली होती, हे आज लिहिण्यास हरकत नाही.

ही गोष्ट आम्ही आजवर कोणाला सांगितली नव्हती. आपल्या पत्रिकेतल्या कथांत ती यावी अशी आमची अपेक्षा आहे. एकाही कथेत कारकुनाने दिलेली दहा पाने येत नाहीत.

प्रोग्रॅमरच्या अज्ञानाची उदाहरणे मात्र भरपूर येतात आणि ती खोटी नाहीत. आमच्याच अनुभवातले एक देतो. आपल्याकडे अजून जमीन एकर-गुंठ्यांत मोजतात. 40 गुंठ्यांचा एकर, 16 आण्यांचा गुंठा. दोन तुकडे, एक 2 एकर 30 गुंठे आणि दुसरा 1 एकर 25 गुंठे, यांची बेरीज शेतकऱ्याचे पोर तोंडी सांगेल: 4 एकर 15 गुंठे. पहिल्या चाचणीत पडद्यावर आले 3.55. मुलाने टिंब दशांशाचे धरले होते. हे लगेच सुधारले. पण हिश्श्यांचे दुखणे खोल होते. तीन भावांत एक रुपया जमीन वाटायची तर जुन्या हिशेबात प्रत्येकाला 5 आणे 4 पै येतात. तिन्ही मिळून बरोबर 16 आणे. कोणाचे काही उरत नाही. दशांशात प्रत्येकाला 0.33, तिन्ही मिळून 0.99. तो उरलेला शंभरावा भाग कोणाचा? यंत्र म्हणे, हिश्श्यांची बेरीज क्षेत्राशी जुळत नाही, नोंद नामंजूर. मुलगा म्हणे, एवढ्याशा फरकाला काय, थोरल्याला 0.34 लावू. 'एवढाशा' फरकाला आपल्या मुलखात कुऱ्हाडी निघतात हे त्याला कोणी शिकविले नव्हते; आणि आणे-पैचा हिशेब हे मागासलेपण नसून भाग पाडण्याचे एक अत्यंत सोयीचे शास्त्र होते, हे त्याला सांगण्याइतके आम्हीही ते कधी समजून घेतलेले नव्हते. एका म्हाताऱ्या शिरस्तेदारांनी ते पाटीवर मांडून दाखविले. मुलगा त्यांच्याकडे दोन दिवस बसला. आमच्या चाकरीत इतके आनंदाने पाहिलेले दृश्य दुसरे नाही.

हा झगडा संगणकाबरोबर आला असेही नाही. इंग्रजी अमलाच्या आरंभी, 1830 च्या आगेमागे, पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या हुशार अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी केली. विलायतेत शिकलेल्या अर्थशास्त्रानुसार पिकाच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता जे निव्वळ उरते, त्याच्या प्रमाणात सारा. सिद्धान्त निर्दोष होता. पण शेताशेताचा आकडा आणणारे हात खालचे, आणि त्यांच्यावर नजर नाही. आकडे खोटे आले, सारा बेसुमार बसला, शेते ओस पडली. पुढे 1835 पासून इंदापुरात तेच काम नव्याने हाती घेतले गेले ते दोघांनी मिळून. गोल्डस्मिड हा महसुलातला मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनीयर. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही जोडी फार महत्त्वाची वाटते. निव्वळ उत्पन्नाचा तो सुंदर सिद्धान्त त्यांनी सोडून दिला आणि जमिनीची खोली व पोत पाहून नऊ प्रती ठरविल्या, त्याही आण्यांच्या मापाने, गावच्या माणसाला समजतील अशा. आपल्या दप्तरांतील आकारबंद हे याच पद्धतीचे अपत्य. त्या व्यवस्थेचे दोष पुढे पुष्कळ निघाले. सारा रोखीत घट्ट बसला, कर्जबाजारीपणा वाढला, तो भाग वेगळा. पण मोजणी टिकली.

जगात इतरत्रही हेच चालले आहे. सी. पी. स्नो यांनी 1959 मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानात वैज्ञानिक आणि साहित्यिक यांच्यात पडलेल्या दरीची गोष्ट काढली आणि 1962 मध्ये समीक्षक लीव्हिस यांनी त्यांच्यावर जी आग ओतली, ती अनेक वाचकांच्या अभ्यासात असेल. स्नो हे विज्ञान शिकलेले, कादंबरीकार आणि शिवाय सरकारी अधिकारी. त्यांची कचेरी दोन्हींच्या मध्ये होती, म्हणूनच त्यांना ती दरी दिसली असे आम्हांला वाटते. संगणकाच्या व्यवसायातले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 मध्ये जे सांगितले ते तर आमच्या खुर्चीवरच्या माणसांना उद्देशूनच असावे: रखडलेल्या प्रोग्रॅमवर आणखी माणसे लावली की तो आणखी रखडतो. आम्ही प्रत्येक आढावा बैठकीत नेमके तेच करीत होतो. रस्त्याला मजूर वाढविले की रस्ता लवकर होतो, मग याला का नाही? त्या मुलांनी किती वेळा समजावले आणि आम्ही किती वेळा टेबलावर हात आपटला!

मराठीत आतून लिहिणारे कोणीच नाही असे नव्हे. सोलापूरचे अच्युत गोडबोले आयआयटीत शिकले, मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे प्रमुख झाले आणि संगीतापासून अर्थशास्त्रापर्यंत मराठीत लिहीत राहिले. 'मुसाफिर' हे त्यांचे आत्मचरित्र हाताशी असताना आपल्या कथाकारांना प्रोग्रॅमर हा भावनाशून्य प्राणी कसा वाटू शकतो, याचे नवल वाटते. तरी तेही पुस्तक वरच्या मजल्यावरचे आहे. तालुक्याच्या खिडकीत बसलेला ऑपरेटर, ज्याला शेतकरी प्रोग्रॅमर समजतो आणि प्रोग्रॅमर शेतकरी समजतो, त्याच्यावरची एखादी ठसठशीत कथा निदान आमच्या वाचनात आलेली नाही.

टीकाकारही याच एकाक्षपणात सापडतात. 'भूमी'चे आरंभी देशोदेशी कौतुक झाले. 2007 मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंगळुरूच्या परिसरातील अनुभवावरून उलट बाजू मांडली: गावातला अधिकार तालुक्याला गेला, माहिती एका जागी आल्याने मोठ्या खरेदीदारांचे फावले, लाच संपली नाही. हे निरीक्षण गंभीर आहे आणि राजधानीभोवती ते खरे असावे. पण दूधगंगेच्या काठावर एक-दोन एकर राखून असलेल्या माणसाला विचारले तर तो म्हणेल, उतारा तेवढ्यात मिळतो की. फेरफाराला मात्र अजून चपला झिजतात. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे मान्य करायला कौतुक करणारे तयार नव्हते आणि टीकाकारही फारसे नाहीत.

आणि आजची स्थिती? 2024 च्या सप्टेंबरात आणि पुन्हा 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटकातील ग्राम आडळित अधिकारी संपावर बसले. मागण्यांत पगार-बदल्या होत्याच. पण गाऱ्हाण्याचा मोठा भाग असा की, डझनाहून अधिक ॲप मोबाईलवर चालवावी लागतात आणि त्यासाठी धड लॅपटॉप नाही, बसायला जागा नाही. पलीकडे महाराष्ट्रातही ई-फेरफार सुरू झाल्यावर तलाठ्यांची सर्व्हरच्या संथपणाबद्दल हीच ओरड होती. हे आळशांचे रडगाणे नव्हे. प्रत्येक ॲप करणारा आपले एकच ॲप पाहतो; ती सगळी एका माणसाच्या एका खिशात जमतात, हे कोणाच्याच आराखड्यात नसते. पुतण्याला हे सोप्यात सांगितले तेव्हा तो प्रथमच गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाजींबरोबर नदीकडच्या शिवारात गेला. आम्हीही काठी घेऊन मागे गेलो. एका सर्वेक्षणाचे ॲप होते, कोणत्या खात्याचे ते सांगण्याचे प्रयोजन नाही. शेतात उभे राहून फोटो काढायचा. जागा त्या सर्वे नंबराच्या हद्दीत आहे अशी यंत्राची खात्री पटली तरच तो चढतो. ऊस डोक्याच्या वर. फोनने मधूनच पलीकडच्या महाराष्ट्रातला टॉवर धरला आणि चक्र फिरत राहिले. मग यंत्राने कळविले की आपण शेताबाहेर आहात. दाजी बांधावर, बांधाच्या दोन्ही अंगांना तोच सर्वे नंबर. पुतण्याने फोन हातात घेतला, चार-सहा वेळा स्वतः करून पाहिले, चिखलात एक चप्पल घालविली. मग म्हणाला, "काका, हे मी लिहिलं असतं, तर मीबी असंच लिहिलं असतं. ऑफिसात बसून दुसरं सुचत न्हाई."

दाजींनी फोन परत घेतला आणि बाभळीच्या सावलीत जाऊन पुन्हा लावला. अकरा वाजून गेले होते. सोळांपैकी पाच नंबर झाले होते.